वाफसा

परवा रात्री साडेनऊच्या सुमारास पुण्याहून नातीचा फोन आला. आवाज रडवेला. "आजी, लॅपटॉपवर चहा सांडला. अख्खा कप!" एरवी ही मुलगी असल्या कामासाठी मला फोन करणार नाही. तिच्या आईबाबांचे फोन लागत नव्हते, म्हणून माझा नंबर लागला.

मी म्हटलं, "आधी चार्जर काढ. बटण दाबून धर, पूर्ण बंद होईपर्यंत. मग पडदा उघडा ठेवून उलटा कर, टेबलावर तंबूसारखा. खाली टॉवेल घाल. खालची बॅटरी निघत असेल तर काढ. आणि मग दोन दिवस त्याच्याकडे बघूसुद्धा नकोस."

"अगं पण उद्या सबमिशन आहे. चालू होतोय का एवढं एकदाच बघते ना."

"अजिबात नाही! त्या 'एकदाच'नेच घात होतो."

पलीकडे क्षणभर शांतता. मग, "आजी, तुला हे सगळं कसं काय माहीत?"

आता फोनवर ते कुठे सांगत बसू? म्हटलं, सविस्तर लिहीनच कधीतरी. तर मंडळी, हे ते लिखाण. नातेवाइकांपैकी काहींना यातलं थोडंफार ठाऊक आहे, पण सगळं कुणालाच नाही. कारण त्यातला मुख्य भाग मी आजवर जरा झाकूनच ठेवला होता.

सुरुवात करायला हवी ती वह्यांपासून. मराठी शिकवत असताना मला शब्द जमवायचा नाद लागला. वर्गात मुलं बोलता बोलता घरचा एखादा शब्द वापरून जात आणि मग जीभ चावत, कारण तो 'पुस्तकातला' नसे. मी तो फळ्यावर लिहायची आणि विचारायची, हा कुणाच्या घरी म्हणतात? अर्थ काय? आजीला विचारून या. पऱ्या, पागोळ्या, इरलं, आगोट, खळं... यातले बरेच शब्द आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे. पण काही असे येत की मीही पहिल्यांदाच ऐकत असे. शब्द, अर्थ, सांगणाऱ्या बाईचं नाव, गाव, असं सगळं वहीत लिहून ठेवायचं. अशा अकरा वह्या झाल्या.

२६ जुलै २००५. मुंबईची ती तारीख सगळ्यांना आठवते, पण त्याच वेळी आमच्या चिपळूणलाही पाणी भरलं होतं. आमच्या घरात कमरेएवढं आलं. वह्या खालच्या फडताळात. नंतर एकेक पान सोडवून, मध्ये वर्तमानपत्राचे कागद घालून, दोऱ्यांवर वाळत घालून त्यातलं जमेल तेवढं वाचवलं. त्यात एक गंमत कळली. मी झोकात शाईच्या पेनने लिहिलेलं सगळं धुऊन गेलं, पानावर नुसतं निळं आभाळ राहिलं. घाईघाईत साध्या बॉलपेनने किंवा शिसपेन्सिलीने खरडलेलं मात्र जसंच्या तसं!

तेव्हा भाचा म्हणाला, "मावशी, हे सगळं कॉम्प्युटरवर घे. कागदाचा काय भरवसा?" पटलं. निवृत्तीनंतर बराहा शिकले, दोन बोटांनी टाइप करायला लागले आणि वह्यांमधलं होतं-नव्हतं तेवढं यादीत घातलं. पुढे तर सवयच झाली. कुणी शब्द सांगितला की चिठ्ठीवर टिपायचा, घरी येऊन टाइप करायचा आणि चिठ्ठी फाडून टाकायची, उगाच पसारा नको म्हणून. भाच्याने एकदा पेन ड्राइव्हही आणून दिला आणि मे २०१६ मध्ये सगळी यादी त्यात भरून दिली. "दर महिन्याला अशी प्रत काढत जा आणि ही दुसरीकडे कुठेतरी ठेव," असं बजावून गेला. पुढची प्रत मी कधी काढलीच नाही. आणि तो पेन ड्राइव्ह ठेवला कुठे? कॉम्प्युटरच्याच टेबलाच्या खणात! मुलांच्या वह्यांवर 'निष्काळजीपणा' असा लाल शेरा मारण्यात माझी उभी हयात गेली, हे लक्षात घ्या.

मग आली २२ जुलै २०२१ ची पहाट. आदल्या रात्रीपासून पाऊस कोसळत होता. वाशिष्ठी आणि शिवनदी दोन्ही फुगलेल्या, त्यात भरती. आम्ही चिपळूणकर पाण्याला तसे सरावलेले. पायऱ्यांपर्यंत येणार, फार तर उंबऱ्याच्या आत येणार, या हिशेबाने सामान चौरंगावर, टेबलावर उचलून ठेवायचं आणि चहा करून बसायचं. त्या दिवशी हिशेब साफ चुकला. मी कॉम्प्युटरचा डबा टेबलावरून उचलून कपाटावर ठेवला आणि आम्ही दोघं वरच्या बिऱ्हाडात गेलो. दुपारपर्यंत ते कपाटही दिसेनासं झालं. वीज गेली, फोन गेले. एसटी आगाराचे व्यवस्थापक सुमारे ९ लाखांची रोकड सांभाळत बसच्या टपावर कित्येक तास बसून राहिले होते, हे नंतर पेपरात सगळ्यांनी वाचलं. १८६४ सालचं आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर. २००५ नंतर पुन्हा एकदा त्याची ग्रंथसंपदा पाण्याखाली गेली. गावात माणसंही गेली. त्यापुढे माझ्या यादीचं काय ते दुःख, हे मला तेव्हाही कळत होतं. पण आपलं दुःख काही असं मापाने कमी-जास्त होत नाही.

पाणी उतरलं तेव्हा घरात घोट्याच्या वर गाळ होता. कपाट आडवं पडलेलं आणि कॉम्प्युटरचा डबा न्हाणीघराच्या दाराशी. हलवला तर आतून डबक्यासारखा आवाज आला.

आता यात माझा एक विद्यार्थी येतो. त्याचं नाव लिहीत नाही, त्याला आवडायचं नाही. वर्गात तो तिसऱ्या बाकावर बसे, म्हणून त्याला तिसऱ्या बाकावरचाच म्हणू. व्याकरणात यथातथा, पण शाळेचा रेडिओ बिघडला की सगळ्यांना त्याची आठवण. गावात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानही पाण्यात गेलं होतंच. तरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी चिखल तुडवत ओळखीच्या घरोघरी फिरून तो एकच निरोप देत होता: काहीही चालू करून बघू नका. फ्रिज नाही, टीव्ही नाही, मोबाइल नाही, कॉम्प्युटर तर नाहीच. मी येईपर्यंत थांबा. आमच्याकडेही आला. म्हणाला, "बाई, डबा उघडून ठेवा, वारा लागू दे. बटणाला हात लावू नका. मी चार दिवसांत येतो."

मी "हो" म्हटलं.

आमच्या आळीत वीज आली ती ३० जुलैला, शुक्रवारी. आठ दिवस डबा पडवीत उघडा होता. वरून हात लावला तर कोरडा ठणठणीत. पंख्यावरचा गाळ वाळून त्याचे पोपडे निघत होते. 'हे' म्हणाले, "अगं, तो उद्या येतोय ना? थांब की." मी म्हटलं, "फक्त बघते. दिवा लागतो का एवढंच."

बटण दाबलं. पंखा फिरला. त्या क्षणी झालेला आनंद अजून आठवतो. दोन-तीन सेकंद, फार तर. मग आतून बारीक खरखर आली, टक् असा आवाज आला आणि जळका वास पसरला. पडवीभर.

दुसऱ्या दिवशी तो आला. वासावरूनच त्याने ओळखलं. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "बाई, तुम्हीसुद्धा?"

मंडळी, चाळीस मुलांसमोर उभी राहून मी वर्षानुवर्षं सांगत आले, की आधी सूचना नीट वाचा आणि मगच पेपर सोडवा. त्या दिवशी त्याच्यासमोर मान वर करवेना. पण तो गुणी. रागावला नाही. डबा उलगडून त्याने मला एकेक गोष्ट दाखवायला सुरुवात केली आणि बघता बघता आमच्या जागांची अदलाबदल झाली. तो शिकवत होता, मी शिकत होते.

त्याचं म्हणणं असं, की नुसतं पाणी या वस्तूंना मारत नाही. कारखान्यात ह्या पट्ट्या बनतात तेव्हा त्या धुतल्याही जातात. मारतं ते पाणी आणि वीज एकत्र आल्यावर. अगदी शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. पण पुराचं पाणी म्हणजे क्षार, माती, गटार, शेतातली खतं, सगळ्यांचं कालवण. ते दोन तारांच्या मध्ये बसलं की जिथे रस्ता नको तिथे विजेला रस्ता मिळतो. बरं, मी बटण दाबायच्या आधीही आत थोडी वीज होतीच. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी चपटी बॅटरी असते, घड्याळ चालू ठेवायला. ती तीन व्होल्टची बॅटरी आठ दिवस त्या ओलीत आपलं काम इमानेइतबारे करत होती आणि तिच्या भोवतालचं तांबं हिरवं पडून चाललं होतं. "पहिल्या दिवशी फक्त ही काढून ठेवायला सांगायला हवं होतं मी," तो म्हणाला. "चुकलंच." म्हणजे दोष घ्यायला तोच पुढे!

"पण मी हात लावून बघितलं, कोरडं होतं रे."

त्याने टोकदार चिमट्याने मेमरीची पट्टी उपटली. खाचेत चक्क ओला गाळ. मग एका चौकोनी काळ्या चिपेच्या कडेला टिपकागद लावला. कागद भिजला. चिपेच्या खाली कागदाएवढी फट असते, तिथे शिरलेलं पाणी आपणहून बाहेर येत नाही. आणि जुलै-ऑगस्टमधली कोकणातली हवा! पंधरा दिवस दोरीवर टाकलेला टॉवेल जिथे आंबटओला राहतो, तिथे चिपेखालचं पाणी कसलं वाळतंय?

मग खोलगट आवाजात मी विचारलं, "यादी?"

हार्ड डिस्क त्याने वेगळी काढून ठेवली होती. म्हणाला, "ही मी उघडत नाही. उघडायची नसते." आत आरशासारख्या चकत्या असतात, मिनिटाला ७२०० वेळा फिरणाऱ्या. त्यांच्यावर वाचणारी सुई टेकत नाही, तरंगते. मधलं अंतर आपल्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी. धुळीचा कणसुद्धा तिथे धोंड्यासारखा. डिस्कला हवेसाठी एक बारीक भोक असतं, आतून गाळणी लावलेलं. पण ते हवेसाठी, पुरासाठी नव्हे. महत्त्वाचं काही असेल तर बुडालेली डिस्क वाळवायचीसुद्धा नसते म्हणे. तशीच ओली, पिशवीत बंद करून जाणकारांकडे पाठवायची, कारण आत पाणी वाळलं की त्यातला गाळ चकतीवर चिकटून बसतो. हे मला अगदी उलटं वाटलं होतं. पण नंतर आठवलं, २००५ मध्ये वह्यांचं तेच झालं होतं. ओल्या असताना पानं सुटत होती. ज्या दोन वह्या तशाच वाळल्या, त्यांची वीट झाली.

डिस्क पुण्याला एका प्रयोगशाळेत गेली. महिन्याभरात उत्तर येणार होतं.

त्या महिन्यात मी काय केलं? त्याच्या दुकानात जाऊन बसले. प्रायश्चित्त म्हणा हवं तर. गावातले तीसेक कॉम्प्युटर त्याच्याकडे येऊन पडले होते. त्यातल्या प्रत्येकात कुणाचं तरी काहीतरी अडकलेलं. एका दुकानदाराचा सगळा हिशेब, एका मुलीचा कॉलेजचा प्रकल्प, एका फोटोवाल्याकडची चार वर्षांची लग्नं! मदतीला एकच पोरगा. म्हटलं, मला सांग काय करू. त्याने माझ्या हातात टूथब्रश दिला.

कामाचा क्रम असा असे. आधी नाण्याची बॅटरी बाहेर. मग सगळं सुटं करायचं: मेमरी, पंखा, वायरी. वीज देणारा पत्र्याचा डबा, ज्याला ते लोक एसएमपीएस म्हणतात, तो बाजूलाच. त्याच्या आत वीज साठून राहते, वायर काढल्यावरही झटका बसू शकतो. तो उघडायचा नाही, सरळ नवा घालायचा. मग मदरबोर्ड साध्या स्वच्छ पाण्याने धुवायचा! हो, धुवायचा. पहिल्यांदा माझा हातच धजेना. पण गाळ एकदा वाळून बसला की निघत नाही, तेव्हा पाण्यानेच तो सोडवायचा, मऊ ब्रशने, खाचाखाचांतून. मग इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, नळाच्या पाण्यातले क्षार मागे राहू नयेत म्हणून. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. ते पाण्याला आपल्याबरोबर घेऊन उडून जातं. ते दिवस कोरोनाचे, घरोघरी सॅनिटायझरच्या बाटल्या. एकाने आपला कीबोर्ड त्यानेच पुसून आणला होता. चिकट झाला, कारण हाताच्या सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन वगैरे असतं. दोन्ही एक नव्हेत. आणि हे अल्कोहोल पेट घेतं, जवळ शेगडी-उदबत्तीसुद्धा नको.

त्यानंतर वाळवणं. खरी परीक्षा इथे. उन्हाचा पत्ता नाही. केस वाळवायच्या यंत्राचा गरम झोत मारायचा नाही, त्याने प्लास्टिक वाकतं आणि पाणी आणखी आत ढकललं जातं. मी सहज म्हटलं, "आमच्याकडे पावसात बाळाची दुपटी डालग्यावर वाळवायचे रे. खाली मंद निखारे, वर पालथं डालगं, त्यावर दुपटी." तो हसला, पण विचारात पडला. दुसऱ्या दिवशी लोखंडी कपाटाचे कप्पे काढून त्यात खाली साठचा बल्ब, वर जाळी, एका कोपऱ्यात छोटा पंखा आणि हवा जायला वर फट, असं त्याने करून ठेवलं होतं. आत हात घातला तर नुसती ऊब. "बाई, तुमचं डालगं!"

तांदळाचं सांगायला हवं. भिजलेला मोबाइल तांदळात पुरायचा, हे तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी होतं. (आमचा तांदळाचा डबाच वाहून गेल्यामुळे तो मोह नव्हता!) त्याच्याकडे आलेल्या मोबाइलांच्या भोकांतून आम्ही टाचणीने तांदळाची कणी काढत होतो. तांदूळ बाहेरची थोडीफार दमट हवा ओढत असेल, पण आतलं पाणी तो काही ओढून घेत नाही, वर आपलं पीठ ठेवून जातो. पुढे २०२४ मध्ये खुद्द अ‍ॅपल कंपनीने आपल्या सूचनांत तांदळात फोन ठेवू नका असं लिहिल्याचं वाचलं, तेव्हा मी ते कात्रण त्याला नेऊन दाखवलं.

भजनी मंडळाच्या सीड्या मात्र मी एकटीने वाचवल्या. त्या सोप्या. साध्या पाण्याने धुवायच्या आणि मऊ फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसायच्या, गोल गोल नाही. गाणं गोलात लिहिलेलं असतं. गोल पुसताना चरा पडला तर तो एकाच ओळीवरून लांब जातो. आडव्या चऱ्याला यंत्र सांभाळून घेतं.

आणि मग थांबायचं. तीन दिवस, कधी पाच. माझ्याच्याने हे होत नसे. दर तासाला कपाटाचं दार उघडून बघायची. एकदा तो म्हणाला, "बाई, दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत जाते. तुम्हीच आम्हाला सांगायचात ना, ओल्या पाटीवर पेन्सिल उठत नाही, पाटी वाळू द्या?"

सांगायची खरी. लहान मुलं ओली पाटी हवेत हलवत बसत, आणि एखादं तरी असं असे की धीर न धरवून तसंच लिहायला जाई. ते मूल मीच, हे कळायला सत्तरी उलटावी लागली.

त्या तीस यंत्रांपैकी निम्म्याहून जास्त पुन्हा सुरू झाली. जी झाली नाहीत, त्यांतली बहुतेक घरी कुणीतरी आधी 'चालू करून बघितलेली' होती. हे मी वहीत मांडून ठेवलं होतं, कारण येणाऱ्या प्रत्येकाला तो पहिला प्रश्न तोच विचारायचा: चालू केलं होतं का? आणि लोक खोटं बोलायचे, अगदी मुलं गृहपाठाबद्दल बोलतात तसं. फोटोवाल्याने मात्र हात लावला नव्हता. त्याची चारही वर्षांची लग्नं मिळाली. त्याने दुकानात बसूनच डोळे पुसले. मी माझ्या वहीत बरोबरची खूण केली आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा स्वतःचा मनापासून राग आला.

पुण्याचं उत्तर सप्टेंबरमध्ये आलं. आत पाणी शिरलं होतं, फार नाही. पण ओल्या चकतीवर सुई फिरली आणि घासली गेली. चकतीवर गोल चरा आहे. काही मिळणार नाही. फोनवरचा मुलगा सौम्यपणे म्हणाला, "आजी, फिरवली नसती तर बहुतेक मिळालं असतं." त्यानेच मला कोलंबिया यानाची हकीकत सांगितली. २००३ मध्ये कल्पना चावला ज्या यानात गेली तेच. त्या अवशेषांत एक हार्ड डिस्क सापडली होती, जळून काळी झालेली, आत माती गेलेली. जाणकारांनी ती स्वच्छ करून त्यातली ९९ टक्के माहिती काढली, आणि तो प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्धही झाला. यान तुटलं तेव्हा तिच्या चकत्या फिरत नव्हत्या, म्हणून त्या वाचल्या असं म्हणतात. आकाशातून पडलेलं वाचलं, आणि माझं कपाटावरून पडलेलं गेलं!

पेन ड्राइव्ह मात्र जगला. त्यात फिरणारं काही नसतं. गाळातून काढला, उघडून धुतला, आमच्या डालग्यात पाच दिवस ठेवला आणि मग लावला. मे २०१६ पर्यंतची यादी उघडली. साधारण एकोणीसशे शब्द. त्यानंतरचे पाच वर्षांचे चारशेच्या आसपास शब्द गेले.

त्या यादीत चाळताना एक शब्द समोर आला: वाफसा. तसा सगळ्या शेतकऱ्यांना ठाऊक असलेला शब्द. माझ्याकडे तो एका विद्यार्थिनीच्या आजीच्या नावावर आहे. भात कापून झाल्यावर त्याच जमिनीत कुळीथ, वाल टाकतात, तेव्हा जमीन ओली चिंब असून चालत नाही आणि पार वाळूनही चालत नाही. मधली ती वेळ यायला लागते. ती आली म्हणजे वाफसा आला. मी टाइप केलेल्या ओळीत पुढे कंसात लिहिलं आहे, "आजी म्हणाल्या, वाफसा आपण आणायचा नसतो. यायची वाट बघायची असते." हे वाक्य मी स्वतःच्या हाताने टाइप केलं होतं. कित्येक वर्षं ते माझ्या घरात होतं. वर जाऊन बसताना मी कॉम्प्युटर कपाटावर ठेवला, पण ते वाक्य काही माझ्याबरोबर आलं नाही.

पुढच्या दोन वर्षांत गेलेले शब्द पुन्हा गोळा करायला निघाले. ज्यांनी सांगितले होते त्यांना फोन केले, गावोगावी गेले. २६३ परत मिळाले. आता त्यांच्या तीन प्रती आहेत: एक भाच्याकडे पुण्याला, एक तिसऱ्या बाकावरच्याकडे आणि एक कागदावर, बॉलपेनने. काही बायका मात्र मधल्या काळात गेल्या. त्यांच्याबरोबर शब्दही गेले. काहींचे मला अर्थही आठवत नाहीत. पण एकाचा आठवतो, आणि तो जास्त छळतो.

नदीकाठी राहणाऱ्या एका बाईंनी तो सांगितला होता, बहुधा २०१८ मध्ये. पूर ओसरल्यावर भिंतीवर पाण्याची जी रेघ राहते ना, खालची भिंत गाळकट आणि वरची कोरी, त्या रेघेला त्यांच्याकडे एक शब्द होता. लहानसा, दोन की तीन अक्षरी. सांगताना त्यांनी हात आडवा धरला होता, तेवढं दिसतं. शब्द ऐकू येत नाही. त्या २०२० मध्ये गेल्या. त्यांच्या सुनेला विचारलं, मुलांना विचारलं, शेजारी विचारलं. कुणाला ठाऊक नाही. सगळे म्हणतात, आम्ही रेघच म्हणतो. आणि ती रेघ तर गावभर होती! माझ्या घरात ती माझ्या डोक्याच्या वर हातभर होती. रंग देताना 'ह्यां'ना सांगून दाराआडची वीतभर भिंत तशीच ठेवली आहे. यादीतही ती जागा रिकामी ठेवली आहे. डावीकडे शब्दाचा रकाना कोरा, उजवीकडे अर्थ, सांगणाऱ्या बाईंचं नाव, गाव.

असो. नातीचं राहिलं. तिने दोन दिवस दम धरला. दुधाचा, साखरेचा चहा नुसता वाळून भागत नाही, मागे चिकटा राहतो. म्हणून तिसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याकडून आतून साफ करून घेतला. कीबोर्ड बदलावा लागला, बाकी सगळं शाबूत. सबमिशन एक दिवस उशिरा दिलं, बाईंनी ऐकून घेतलं. तिच्या बाईंना माझा नमस्कार!

आणि तुम्हाला एक विनंती. तुमच्या घरी, आजोळी, सासरी, खाडीकाठच्या किंवा नदीकाठच्या कुणी म्हाताऱ्या माणसांकडे त्या रेघेला काही शब्द असेल, तर विचारून मला कळवा. घाई नाही. त्यांना आठवायला वेळ द्या, सारखं सारखं टोकू नका. मी वाट बघते.